काजूच्या बागेचा व्हिला कसा होतो? गोव्यातला ‘झोन’चा वाद

हेडफोन लावलेत ना? या भागात थोडा नकाशा वाचायचाय. घाबरू नका, सोपं आहे.

‘गोव्यात सी-व्ह्यू व्हिला, बुकिंग सुरू’ असं एखादं रील तुमच्या फोनवर आलंच असणार. हिरवी टेकडी, खाली नारळ, पलीकडे समुद्र. आता प्रश्न असा, की ही टेकडी कालपर्यंत काजूची बाग होती. मग तिथे स्विमिंग पूल बांधायची परवानगी मिळाली कशी?

उत्तर आहे ‘झोन’. गोव्याचा कायदा आहे 1974 चा, नगर आणि ग्राम नियोजनाचा. त्याखाली अख्ख्या राज्याची प्रादेशिक योजना बनते, म्हणजे आपण ज्याला रीजनल प्लॅन म्हणतो ते. त्यात प्रत्येक सर्व्हे नंबरला एक रंग दिलेला असतो. सेटलमेंट म्हणजे वस्ती, ऑर्चर्ड म्हणजे बागायत, नॅचरल कव्हर म्हणजे झाडझाडोरा, शिवाय भातशेती, खाजन वगैरे. जमीन तीच, माती तीच, पण रंग ऑर्चर्डचा सेटलमेंट झाला की भाव कुठल्या कुठे जातो. एक वीटही न लावता! म्हणून मला वाटतं, रिसॉर्टची खरी लढाई जेसीबी आल्यावर नसतेच. तो रंग बदलतो त्या दिवशी ती जवळजवळ संपलेली असते.

तुम्ही म्हणाल, मग सीआरझेड कशाला आहे? बरोबर. पण तो किनाऱ्याचा नियम आहे, टेकडीचा नाही. 2011 च्या अधिसूचनेप्रमाणे गावांच्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवं बांधकाम जवळपास बंद. 200 ते 500 मीटरच्या पट्ट्यात मात्र आगाऊ मंजुरी घेऊन हॉटेल होऊ शकतं. आणि 500 मीटरच्या मागे? तिथे समुद्राकडून सीआरझेड लागतच नाही. खाडी किंवा नदी असेल तर तिच्या काठाला तेवढा एक अरुंद पट्टा. म्हणजे समुद्र दिसणारं पठार राखायचं की नाही, हे मुख्यतः झोनच ठरवतो.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय आजची चिडचिड कळणार नाही. ऑगस्ट 2006 मध्ये ‘रीजनल प्लॅन 2011’ अधिसूचित झाला. लोकांनी नकाशे उघडून बघितले, तर डोंगर, बागा, शेतं सेटलमेंटमध्ये गेलेली. त्यातून ‘गोवा बचाव अभियान’ उभं राहिलं, गावोगाव सभा झाल्या आणि जानेवारी 2007 मध्ये सरकारने तो प्लॅन मागे घेतला. मग नव्या प्लॅनसाठी टास्क फोर्स बसला. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया त्यात होते. नकाशे गावांकडे पाठवून सूचना मागवल्या गेल्या. यातून ‘रीजनल प्लॅन 2021’ आला. परिपूर्ण नव्हता, पण निदान तो गावाला दाखवून केला होता.

गंमत बघा. 2006 मध्ये एक मोठा नकाशा होता, म्हणून सगळा गोवा एकदम भडकला. त्यानंतर बदल सुटे-सुटे व्हायला लागले. 2018 मध्ये कलम 16 ब आलं. 2023 मध्ये कलम 17(2) आलं: प्लॅनमध्ये ‘अनवधानाने झालेली चूक’ असेल तर ती दुरुस्त करता येईल. त्याखालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2025 मध्ये रद्द केले. दरम्यान 2024 मध्ये 39 अ हे कलम येऊन बसलं होतं. यात कोणीही आपल्या प्लॉटचा झोन बदलून मागू शकतो. सूचना प्रसिद्ध होते, लोकांना 30 दिवस मिळतात, मग मंडळ निर्णय घेतं. त्यालाही आव्हान दिलं गेलंय.

दुसरी बाजूही ऐका, ती खोटी नाही. समजा गावातल्या कुणाचं वडिलोपार्जित घर जुन्या बागेत आहे आणि नकाशात ती जागा ऑर्चर्ड दाखवलीय. मुलासाठी शेजारी दोन खोल्या बांधायच्या तर अडचण. असे लोक आहेत आणि त्यांना खरंच दुरुस्ती हवीय. काम मिळेल, गावात पैसा येईल, हेही कुणी उगाच म्हणत नाही. पण त्या घराच्या शे-दोनशे मीटरचा अर्ज आणि बाहेरच्या बिल्डरचा हजारो मीटरचा अर्ज एकाच कलमाखाली, एकाच रांगेत उभे असतात. माझं मत विचाराल तर दोघांसाठी दार वेगळं हवं. लहान माणसाचं दुःख दाखवून मोठं फाटक उघडायचं, हे काही बरं नाही.

आणि सुट्या प्लॉटचा हिशेब कधीच जमत नाही. एका अर्जात एक रिसॉर्ट दिसतो. दहा अर्जांचं पाणी एकत्र कोण मोजतं? किनाऱ्याजवळच्या वाळूत गोड्या पाण्याचा थर असतो, खाऱ्या पाण्यावर तरंगणारा. उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं आणि सगळ्यात आधी जुन्या विहिरी मचूळ होतात. वर टेकडी कापली की पावसाळ्यात माती खाली उतरते, थेट खाजनात. खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध आणि मानशीच्या जोरावर समुद्रापासून राखलेली सखल शेती. 2023 च्या एका कायद्याने भातशेती बिगर-शेतकऱ्याला विकायला बंधनं आणलीत, ते चांगलंच आहे. पण शेत वाचवून वरची टेकडी सोडली, तर चिखल शेतातच येणार ना?

तेरेखोल ओलांडून सिंधुदुर्गात आलात तर कायदा बदलतो. तिथे महाराष्ट्राचा 1966 चा एमआरटीपी आणि ‘बिनशेती’, म्हणजे एनए. नावं वेगळी, पण प्रश्न तोच: रंग कोण बदलतो आणि गावाला कधी कळतं?

तुमचं गाव गोव्यात असेल तर करता येण्यासारखी गोष्ट सांगतो. एक-चौदाच्या उताऱ्यावर सर्व्हे नंबर असतो. तो घेऊन रीजनल प्लॅनमध्ये आपल्या गावाचा नकाशा बघा. झोन बदलाच्या सूचना राजपत्रात येतात आणि 30 दिवस तिथूनच मोजले जातात. हरकत लेखी द्या, सर्व्हे नंबर टाका, विहीर, ओढा, उतार असं नेमकं लिहा आणि पोच घ्या. ग्रामसभेत ठराव जरूर करा, पण त्याने अर्ज आपोआप थांबत नाही, म्हणून लेखी हरकत वेगळी द्यायचीच. ‘गोवा वाचवा’ एवढंच लिहिलेला कागद फायलीत लागतो आणि तिथेच राहतो.