पंटर मैदानात आला, म्हणजे डाव फसला!

तर मंडळी, अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. तीन फसले की बहुतेक वेळा पंटर येतो. हातातला बॉल सोडतो आणि जमिनीला टेकायच्या आत लाथ मारून लांब उडवतो, म्हणजे समोरच्या टीमला मागून सुरुवात करावी लागते.

टोरी टेलर हा मेलबर्नचा पोरगा. ऑस्ट्रेलियन रूल्स खेळलेला, पंटिंग तिकडेच शिकला आणि 2020 मध्ये, 23व्या वर्षी, थेट आयोवा विद्यापीठात! 2023 च्या सीझनला आयोवाची ऑफेन्स एकूण यार्डांत देशात शेवटची होती, तरी 14 पैकी 10 मॅच जिंकल्या. डिफेन्स भक्कम होताच, पण टेलरनं 93 पंट मारले. एकूण 4,479 यार्ड, चार किलोमीटरच्या वर! 1938 चा विक्रम मोडला. सर्वोत्तम कॉलेज पंटरचं रे गाय अवॉर्डही त्यालाच.

नुसतं लांब मारून भागत नाही हं. बॉल एंड झोनमध्ये गेला तर समोरच्याला 20 यार्डांवरून सुरुवात मिळते. त्याच्या अलीकडेच थांबवायचा, खरी कला ती.

आता गंमत बघा. 2021 पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता येतं. पण हा स्टुडंट व्हिसावर. त्याचे ‘पंटिंग इज विनिंग’ टीशर्ट विकले गेले, कमाई दानात गेली. अमेरिकेत एमएस करणाऱ्या आपल्या मित्रांना विचारा, तोच व्हिसा, तीच अडचण. एप्रिल 2024 मध्ये शिकागो बेअर्सनं त्याला चौथ्या फेरीत उचललं. पगार तिथून सुरू.