समुद्राची जहागीर

मासळी कुणाच्याच मालकीची नसली की नौका गरजेपेक्षा वाढत जातात, हे कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ एच. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ साली मांडले. त्याची उजळणी इथे नको. आइसलँडला हा धडा हेरिंगने दिला; साठच्या दशकाच्या अखेरीस हा मासा तिथल्या पाण्यातून जवळजवळ नाहीसा झाला. पुढे ब्रिटनशी कॉड माशावरून झुंज घेऊन आइसलँडने २०० सागरी मैलांचा पट्टा आपला केला. परके ट्रॉलर गेले, पण त्यांची जागा घरच्या ट्रॉलरांनी भरून काढली. सरकारने मग कॉड पकडण्याचे दिवस बांधून दिले. १९७७ साली वर्षाला ३२३ दिवस मिळत, १९८१ साली २१५ उरले, आणि ताफा तरीही वाढतच राहिला. शेवटी १९८४ साली दिवसांऐवजी मासळीच वाटून दिली गेली. आधीच्या तीन वर्षांत ज्या नौकेने जितकी मासळी आणली, त्या प्रमाणात तिला एकूण पकडीतला हिस्सा, म्हणजे कोटा, मिळाला. १९९० च्या कायद्याने हा कोटा बेमुदत केला आणि त्याच्या खरेदी-विक्रीची वाट सरसकट मोकळी केली.

नौका कमी करण्याचे साधन म्हणून ही युक्ती चालते, हे मान्यच करायला हवे. हिस्सा ठरलेला असला की दुसऱ्याच्या आधी समुद्रात पोचण्याची घाई उरत नाही. दोन जुन्या नौकांचा मालक दोन्हींचा कोटा एकीवर चढवतो आणि दुसरी मोडीत काढतो. मात्र मासाही याच व्यवहारामुळे वाचला, हा दावा मला पटत नाही. १९८१ साली साडेचार लाख टनांहून अधिक असलेली कॉडची पकड १९९५ पर्यंत पावणेदोन लाखांच्या आसपास आली. कोट्याची पद्धत तेव्हा अकरा वर्षे चालू होती. साठ्याला आधार मिळाला तो १९९५ साली पकडण्याजोग्या साठ्याच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली गेल्यावर. पुढे ती २० टक्क्यांवर आणली गेली. मासा वाचवते ती एकूण पकडीची मर्यादा. कोट्याची खरेदी-विक्री फक्त ती पकड कमी नौकांत आणि कमी खर्चात करून देते. हे दोन लाभ वेगळे ठेवले की तिसरा प्रश्न स्पष्ट दिसतो. पहिला हिस्सा फुकट आणि कायमचा का दिला?

या प्रश्नावरचा सर्वांत मोलाचा कागद संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीच्या दप्तरात आहे: तक्रार क्रमांक १३०६/२००४. तक्रारदार होते दोन आइसलँडिक मच्छीमार, लहानपणापासून याच धंद्यात असलेले. त्यांच्याकडे नौका होती, परवाना होता, कोटा नव्हता. तो इतरांकडून महाग भाड्याने घ्यावा लागे. त्यांनी सरकारकडे कोटा मागितला, नकार मिळाला. तेव्हा २००१ साली त्यांनी मंत्र्यांना आधी पत्राने कळवून, उघडपणे, कोट्याविना मासे पकडले. प्रत्येकाला दहा लाख क्रोनांचा दंड झाला आणि २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. समितीने २४ ऑक्टोबर २००७ रोजी १२ विरुद्ध ६ मतांनी मच्छीमारांच्या बाजूने कौल दिला. तिची कारणमीमांसा मुळातून वाचावी अशी आहे. जुन्या मच्छीमारांना आरंभी झुकते माप देणे तात्पुरता उपाय म्हणून रास्त असू शकेल, असे समिती मानते. पण १९९० च्या कायद्याने तेच माप कायमचे झाले. ज्यांनी मासेमारी सोडली त्यांचा हिस्सा सरकारकडे परत येऊन नव्या माणसाला मिळायला हवा होता; त्याऐवजी तो बाजारभावाने विकला वा भाड्याने दिला जाऊ लागला. सार्वजनिक मालमत्तेच्या वापराचा हक्क असा खाजगी मालमत्ता बनला. आपल्याकडच्या वाचकाला यात जहागीरदार आणि कूळ सहज ओळखू येतील.

विरोधात मत देणाऱ्यांचे म्हणणे हलके नव्हते. संसदेने आणि न्यायालयांनी सर्वांच्या हिताचा तोल काळजीपूर्वक साधला आहे, आणि उतरत्या साठ्यावर कुणाला तरी बाहेर ठेवावेच लागते, असे ते सांगतात. बाहेर ठेवावे लागते हे खरे. पण कुणाला, किती काळ आणि कोणत्या मोबदल्यात, ही निवड मासा करत नाही, कायदा करतो. दुसरा आक्षेप असा की कायमची हमी नसेल तर कुणी पैसा गुंतवणार नाही. गुंतवणुकीला निश्चित मुदत लागते, अनंतकाळ लागत नाही. खाणी आणि दूरसंचार लहरी ठरावीक वर्षांसाठी देता येतात आणि त्यांत भांडवल येते. तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: आजच्या अनेक मालकांनी कोटा रोख पैसे मोजून विकत घेतला आहे, त्यांच्याकडून तो काढून घेणे अन्याय होईल. त्यासाठीच बदल हळूहळू व्हावा, दरवर्षी थोडा हिस्सा परत घेऊन लिलावात काढावा. शिवाय मासळीचे साठे राष्ट्राची सामाईक मालमत्ता आहेत आणि कोटा मिळाल्याने मालकी येत नाही, हे १९९० च्या कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहिले आहे. त्यानंतर विकत घेणाऱ्याने ते वाचले नसेल, असे मानता येत नाही.

समितीच्या कौलानंतर सरकारने २००९ पासून छोट्या नौकांना उन्हाळ्यात किनाऱ्यालगत कोट्याविना मासेमारीची मुभा दिली. मासेमारीवरचे शुल्क २००४ पासून लागू होतेच, ते २०१२ साली वाढवले. त्याच वर्षी समितीने अंशतः समाधान नोंदवून प्रकरण मिटवले. कोट्याचा मूळ पाया मात्र हलला नाही. २० ऑक्टोबर २०१२ च्या सार्वमतात, खाजगी मालकीची नसलेली नैसर्गिक संपत्ती राष्ट्राची असल्याचे राज्यघटनेत लिहावे, असे सुमारे ८३ टक्के मतदारांनी सांगितले. ते कलम नव्या राज्यघटनेच्या ज्या मसुद्यात होते, तो आइसलँडच्या संसदेने मंजूर केलेला नाही.