‘एट’ची ऐट

सिगरेट, कॅसेट, ऑम्लेट, टॉयलेट, कटलेट, बजेट, बुलेट. एका दमात मोठ्याने म्हणून बघा. प्रत्येकाच्या बुडाशी तोच ठोका पडतो: एट, एट, एट. आपल्याकडे हे सगळे इंग्रजीच्या डब्यात बसून आले, म्हणून आपण त्यांना इंग्रजीच समजलो. मूळ तिकीट मात्र फ्रान्सचे. (‘तिकीट’ हा शब्दसुद्धा. त्याची गंमत पुढे.)

फ्रेंचमध्ये नामाला ही शेपटी लागली की वस्तू लहान होते आणि स्त्रीलिंगी होते. मराठी माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. डबा-डबी, सुरा-सुरी, लोटा-लोटी, गाडा-गाडी. मोठा असेल तो, धाकटी असेल ती. (अपवाद दोरा-दोरीचा. तिथे बारीक तो आणि जाड ती. भाषेतही एखादे घर असे असतेच.) त्याच हिशेबाने सिगार मोठा आणि सिगरेट ही त्याची धाकटी.

या शेपटीचा एक पुल्लिंगी भाऊही आहे, पण तो ‘ट’ गिळतो. बुके, बुफे, बॅले, क्रोशे हे ते शब्द. लिहिताना शेवटी ‘ट’ आहे, बोलताना गायब. स्त्रीलिंगी रूपात ‘ट’च्या मागे आणखी एक मुके अक्षर उभे असते, त्याच्या आधाराने तिचा ‘ट’ वाचला. जाता जाता सांगतो, क्रोशे म्हणजे लहानसा आकडा आणि बुके म्हणजे मुळात छोटीशी राई. सत्कारमूर्तीच्या हातात आपण अख्खी झाडी देतो आणि वर सेलोफेन गुंडाळतो.

बरगडी नसलेले कटलेट

आता स्वयंपाकघरात चला. फ्रेंचमध्ये ‘कोत’ म्हणजे बरगडी आणि ‘कोतलेत’ म्हणजे बरगडीचा लहान तुकडा, हाडासकट भाजलेला. इंग्रजांच्या कानाला त्यात ‘कट’ ऐकू आला. कापलेला तुकडा तर आहेच, मग ‘कटलेट’ म्हणायला काय हरकत? शब्द भारतात पोहोचला आणि आपण त्यातून हाड काढले, मांस काढले, त्या जागी उकडलेला बटाटा, बीट आणि मटार भरले. रेल्वेच्या डब्यात सकाळी ‘व्हेज कटलेट’ अशी आरोळी येते तेव्हा शब्दशः अर्थ निघतो ‘शाकाहारी बरगडी’.

ऑम्लेटचे आपण याहून वाईट केले. पण आधी फ्रेंचांनी काय केले ते ऐका. लॅटिनमध्ये ‘लॅमेला’ म्हणजे धातूचा पातळ पत्रा, चाकूचे पाते. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘लेमेल’ शब्द आला. त्याच्याआधी ‘ला’ हे उपपद लागायचे, ‘ला लेमेल’. घाईघाईत बोलताना लोकांनी तो भलत्याच ठिकाणी तोडला आणि ‘अलेमेल’ असा नवाच शब्द जन्मला. पुढे त्याला ‘एट’ची शेपटी लागली, अक्षरांची अदलाबदल झाली आणि तव्यावरून ‘ऑम्लेट’ उतरले. म्हणजे मूळ पदार्थात अंड्याला मानच नाही, मान आहे तो पातळपणाला. त्यामुळे आपल्या घराघरांतले टोमॅटो ऑम्लेट, ज्यात अंडे औषधालाही नसते, नुसते बेसन आणि टोमॅटो, ते व्युत्पत्तीच्या कोर्टात सहज निर्दोष सुटेल. फक्त पातळ घातले पाहिजे. गोव्यातल्या गाड्यांवर मिळणाऱ्या रस ऑम्लेटबद्दल मात्र मला शंका आहे. शागुतीच्या रश्शात बुडालेल्या पात्याला पाते म्हणावे का?

बॅगेट हा लांबलचक फ्रेंच पाव. २०२२ साली युनेस्कोने तो बनवण्याच्या कलेला अमूर्त वारशाच्या यादीत बसवले. बॅगेट म्हणजे काठी, छडी. फ्रेंच माणूस जादूगाराच्या छडीला बॅगेट म्हणतो, वाद्यवृंद चालवणाऱ्याच्या छडीलाही बॅगेट, आणि चिनी जेवणाच्या काड्यांनाही बॅगेटच. या शब्दाचे लॅटिन मूळ ‘बॅक्युलम’, म्हणजेही काठीच. सूक्ष्मदर्शकाखाली काडीसारखा दिसणारा जंतू ‘बॅसिलस’ त्याच मुळाचा. पाव आणि जंतू सख्खे चुलतभाऊ. बेकरीवाल्याला हे सांगू नये.

टॉयलेटची पदयात्रा

सगळ्यांत लांबचा आणि सगळ्यांत घसरता प्रवास टॉयलेटचा. ‘त्वाल’ म्हणजे कापड, ‘त्वालेत’ म्हणजे छोटे कापड. सुरुवातीला कपडे बांधून ठेवायचे फडके, एवढाच त्याचा अर्थ. मग श्रीमंत घरांतल्या शृंगाराच्या मेजावर अंथरायच्या कापडाला तो लागला. कापडावरून मेजावर घसरला, मेजावरून तिथल्या कंगवे-अत्तर-पावडरींवर, तिथून नटण्यामुरडण्याच्या क्रियेवर. अठराव्या शतकात बड्या घरच्या बायका ‘टॉयलेट’ करताना पाहुण्यांना भेटत. जुनी इंग्रजी कादंबरी वाचताना नायिका टॉयलेटला बसली आहे आणि समोर दोन सरदार गप्पा मारत आहेत, असे आले की मराठी वाचकाला घाम फुटतो. अत्तराच्या बाटलीवर ‘ओ द त्वालेत’ असते तेही याच जुन्या अर्थाने.

यानंतर शब्द नटण्याच्या खोलीला लागला, खोलीत हात-तोंड धुण्याची सोय आली आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत त्या खोलीत आणखी एक सोय आली. तिथून शब्दाला परत वर चढता आले नाही.

हसण्याआधी आपले पाहू. ‘शौच’ या संस्कृत शब्दाचा अर्थ शुद्धता, पावित्र्य. योगातल्या यम-नियमांपैकी नियमांच्या यादीत संतोष आणि तप यांच्या पंगतीला बसणारा हा शब्द आपण कुठे नेऊन बसवला? परसाकडे जाणे, बहिर्दिशेला जाणे हेही त्याच कुटुंबातले. क्रिया तीच, फक्त दिशा सांगायची. या एका बाबतीत पॅरिस आणि पैठण यांचे एकमत दिसते.

इंग्लंडमध्ये तर ‘एट’वरून माणसाची पत ठरायची. १९५४ साली ॲलन रॉस या भाषाशास्त्रज्ञाने उच्चवर्गीय आणि इतर लोकांच्या बोलण्यातले फरक मांडले आणि नॅन्सी मिटफर्ड या लेखिकेने ते घरोघरी पोहोचवले. त्यानुसार जेवणाच्या टेबलावर ‘नॅपकिन’ म्हणणारा खानदानी आणि ‘सर्व्हिएट’ म्हणणारा नवश्रीमंत. ‘टॉयलेट’ म्हणणाराही त्याच रांगेत. सभ्य दिसावे म्हणून मध्यमवर्गाने फ्रेंच शब्द उचलले आणि त्या शब्दांनीच त्यांची चहाडी केली.

तिकीट आणि त्याचा शिष्ट भाऊ

आता तिकीट. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्तिकेत’ म्हणजे चिकटवलेली, डकवलेली चिठ्ठी. हा शब्द इंग्रजीत दोनदा शिरला. सोळाव्या शतकात डोके कापून आला तो ‘टिकेट’. अठराव्या शतकात दरबारी पोशाखात आला तो ‘एटिकेट’. चिठ्ठीवर लिहिलेले नियम, मग दरबारचे नियम, मग सभ्यतेचे नियम अशी त्याची बढती होत गेली. फ्रान्समध्ये मात्र आजही मुरांब्याच्या बरणीवरच्या लेबलाला ‘एतिकेत’च म्हणतात.

मराठीने यात एक करामत केली आहे. इंग्रज पोस्टाच्या पाकिटावर ‘स्टॅम्प’ लावतो, आपण ‘तिकीट’ लावतो, तेही जिभेने ओले करून. चिकटवायची चिठ्ठी हा मूळ अर्थ इंग्रजी विसरली आणि मराठीने नकळत जपला. निवडणुकीतल्या तिकिटाचा आणि एटिकेटचा संबंध मात्र भाषाशास्त्राबाहेर कुठे आढळलेला नाही.

कॅसेट म्हणजे लहान पेटी. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात गाण्याची कॅसेट मांडली, त्याच्या तीनशे वर्षे आधीपासून फ्रेंच लोक कॅसेटमध्ये पैसे आणि दागिने ठेवत होते. मोलिएरच्या १६६८ सालच्या ‘लावार’ नाटकातला कंजूष हार्पागाँ दहा हजार एक्यू नाण्यांची कॅसेट बागेत पुरून ठेवतो, ती चोरीला जाते आणि तो ऊर बडवतो. याच नाटकावरून आचार्य अत्र्यांनी ‘कवडीचुंबक’ रचले. नंतरच्या पिढीने ज्या कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून फीत गुंडाळली, तिच्या आजीसाठी एक म्हातारा रंगमंचावर असा रडून गेला होता.

प्रयोगशाळेत फार रेंगाळत नाही. पिपेट म्हणजे धाकटी नळी, ब्युरेट म्हणजे धाकटा चंबू. मराठी पाठ्यपुस्तकाने बीकरला ‘चंचुपात्र’ केले, टेस्ट ट्यूबला ‘परीक्षानळी’ केले, पण या दोघी तशाच राहिल्या. ‘चंबुटली’ म्हणायला कोणी धजावले नसावे.

खोटी, छोटी आणि बाई

पुढे इंग्रजीला ही शेपटी इतकी आवडली की तिने फ्रान्सला न विचारता ती कुठेही डकवायला सुरुवात केली. छोटे स्वयंपाकघर ते किचनेट. (मुंबईच्या बिल्डरच्या भाषेत ‘वन आरके’.) खोटे चामडे ते लेदरेट, म्हणजे आपले रेक्झिन. थिएटरात बॅटरी मारून खुर्ची दाखवणारी बाई ती अशरेट. एकाच शेपटीला तीन अर्थ चिकटले: लहान, नकली आणि बाई. हे तिन्ही एका शेपटीत का मावले, याचा इंग्रजीने स्वतःशी विचार करावा.

१९०६ साली ‘डेली मेल’चा बातमीदार चार्ल्स हँड्स याने नेमका याच शेपटीचा दगड उचलला. मताधिकारासाठी लढणाऱ्यांना तोवर ‘सफ्रजिस्ट’ म्हणत. त्याने रस्त्यावर उतरलेल्या आक्रमक बायकांना ‘सफ्रजेट’ म्हणून हिणवले. बायकांनी तो दगड झेलला आणि पाटी करून दारावर लावला. १९१२ साली त्यांच्या साप्ताहिकाचे नावच ‘द सफ्रजेट’ होते. लंडनच्या या चळवळीतल्या सोफिया दुलीप सिंग १९११ साली काश्मीरमध्ये मुंबईच्या हेराबाई टाटांना भेटल्या. त्यांच्या अंगावरचा मताधिकाराचा बिल्ला हेराबाईंच्या नजरेत भरला. १९१९ साली हेराबाई आपली मुलगी मिठन हिला घेऊन लंडनला गेल्या आणि भारतीय स्त्रियांना मत मिळावे म्हणून त्यांनी तिथे बाजू मांडली. टिंगलीच्या शेपटीने एवढा पल्ला गाठला.

मराठीने या सगळ्या फ्रेंच पोरींची लिंगे मात्र आपल्या मर्जीने वाटली. सिगरेट ‘ती’ राहिली, कारण घरात आधीच विडी होती. कॅसेटही ‘ती’. पण ऑम्लेट ते, कटलेट ते, टॉयलेट ते, तिकीट ते. आणि मोटारसायकलची बुलेट पुन्हा ‘ती’. तिचे मूळ ‘बुलेत’, म्हणजे चिमुकला गोळा. पावणेदोनशे किलोंहून जड चिमुकला गोळा गल्लीतून धडधडत जातो तेव्हा खिडक्यांची तावदाने हलतात.

अर्थखात्यातली ‘एट’

एक ‘एट’ तद्दन तोतया आहे. सिल्हूएट, म्हणजे काळी छायाकृती. आपण ‘सिलूएट’ म्हणतो आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून सूर्यास्तापुढे उभे राहतो. इथे शेपटी नाहीच, हे चक्क आडनाव आहे, तेही बास्क भाषेतून आलेले. एतिएन द सिल्हूएट १७५९ साली फ्रान्सचा अर्थमंत्री झाला. सात वर्षांचे युद्ध चालू, तिजोरी रिकामी. त्याने श्रीमंतांवर कर बसवले, दारे-खिडक्यांवर कर बसवले, चांदीची भांडी वितळवायला लावली. मार्चमध्ये आलेला माणूस नोव्हेंबरात घरी गेला. कंजूषपणे, स्वस्तात उरकलेल्या प्रत्येक गोष्टीला लोक ‘सिल्हूएट पद्धतीची’ म्हणू लागले. रंगीत चित्र परवडत नाही त्याने काळ्या कागदात कापलेली आकृती घ्यावी, तिलाही तेच नाव पडले.

अर्थमंत्र्यांच्या हातातली खरी ‘एट’ वेगळीच. ‘बुजेत’ म्हणजे चामड्याची छोटी पिशवी. इंग्रजीत तिचे ‘बजेट’ झाले. अठराव्या शतकात इंग्लंडचा अर्थमंत्री ‘पिशवी उघडतो’ असे म्हणायची रीत पडली आणि हळूहळू पिशवीचे नाव आतल्या आकड्यांना लागले. आपल्याकडेही १९४७ पासून अर्थमंत्री चामड्याची बॅग हातात धरून फोटो काढून घेत. म्हणजे बजेटात बजेट. २०१९ साली निर्मला सीतारामन यांनी चामड्याला रजा दिली आणि लाल कापडातले वहीखाते आणले. दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, त्या लाल कापडातून कागदही गेले आणि आत टॅबलेट आला. तोही फ्रेंचच, ‘ताब्लेत’, म्हणजे छोटी पाटी.