ऋतुचक्रानुसार शालेय पर्यावरण उपक्रमांचे नियोजन : वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

पर्यावरण हा विषय शाळेत शिकविला जावा, याबाबत आता दुमत राहिलेले नाही. एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तसे निर्देश दिले आणि २००३ मध्ये त्यांच्या अंमलबजावणीचा पुन्हा आग्रह धरला. २००१ मध्ये केंद्र शासनाची राष्ट्रीय हरित सेना ही योजना आली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शालेय ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडण्याची अपेक्षा व्यक्त केली, तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दप्तराविना दिवस सुचविले. धोरणांची उणीव नाही. प्रत्यक्षात मात्र उपक्रम म्हणजे वृक्षदिंडी, घोषणा, चित्रकला स्पर्धा आणि अहवालाला जोडण्याचे छायाचित्र, असे समीकरण अनेक ठिकाणी रूढ झालेले दिसते. याचे खापर शिक्षकांच्या अनास्थेवर फोडणे सोपे असले, तरी न्यायाचे नाही. दोष नियोजनाच्या पद्धतीत आहे. उपक्रमाची तारीख बाहेरून येते आणि उपक्रमामागे विद्यार्थ्यांचा स्वतःचा असा प्रश्न नसतो. प्रस्तुत लेखात वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात या दोन बाबींचा विचार केला आहे.

दिनविशेष आणि ऋतुचक्र

५ जून हा जागतिक पर्यावरण दिन. त्या दिवशी विदर्भातील शाळा बंद असतात. उन्हाच्या तीव्रतेमुळे येथील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, साधारणतः जूनच्या अखेरीस सुरू होतात. त्यामुळे हा दिवस एक तर कागदावर साजरा होतो किंवा गावात उपलब्ध असलेल्या चार-दोन विद्यार्थ्यांना बोलावून उरकला जातो. या भागासाठी उपक्रमांची दिनदर्शिका वेगळी असावयास हवी, हे एवढ्या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

वाशिम जिल्ह्याची निर्मिती १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून झाली. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके. सोयाबीन हे येथील प्रमुख खरीप पीक. सप्टेंबरच्या अखेरीपासून सोंगणी सुरू झाली की ग्रामीण शाळांतील मोठ्या वर्गांची उपस्थिती घटते. दिवाळीनंतर काही तांड्यांवरील कुटुंबे मजुरीसाठी स्थलांतर करतात. ज्या उपक्रमाला सलग सहा महिन्यांची नोंद लागते, तो या वेळापत्रकाकडे डोळेझाक करून आखला, तर नेमकी याच मुलांची नावे गटातून गळतात. शेतीतील निसर्गाचे ज्ञान ज्यांच्यापाशी सर्वाधिक, तीच मुले पर्यावरणाच्या उपक्रमात अनुपस्थित, असा हा विरोधाभास आहे. यासाठी जुलै ते सप्टेंबर हा कालखंड सामूहिक नोंदींसाठी राखून ठेवणे आणि पुढील कामे लहान, स्वतंत्रपणे पूर्ण होणारी ठेवणे श्रेयस्कर ठरते.

पाऊस मोजणे

जुलैपासून सुरू करता येईल असा सर्वांत कमी खर्चाचा उपक्रम पर्जन्यमापनाचा. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, तिचा निमुळता भाग शिक्षकांनी कापून नरसाळ्याप्रमाणे उलटा बसवावा. तळ सपाट नसल्याने तेथे खडे टाकून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरावे आणि त्या पातळीला शून्य मानून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. बाटली इमारतीपासून व झाडापासून दूर, मोकळ्या जागेत ठेवावी. हवामान विभागाची नोंद सकाळी ८.३० वाजता घेतली जाते. शाळा त्यानंतर भरत असल्यास शेजारी राहणाऱ्या दोन विद्यार्थ्यांकडे हे काम सोपवावे.

एवढ्यावर थांबल्यास हा उपक्रम हस्तव्यवसाय ठरेल. नोंदीला अर्थ येतो तो पुढील प्रश्नाने. चोवीस तासांत एखाद्या महसूल मंडळात ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाल्यास ती अतिवृष्टी मानली जाते, आणि हा आकडा शेतकरी कुटुंबातील मुलाने घरी अनेकदा ऐकलेला असतो. मंडळाच्या केंद्रावर ५८ मिलिमीटर आणि शाळेच्या बाटलीत ७० मिलिमीटर अशी नोंद झाली, तर कोणती खरी? बाटली चुकीची बसली होती का, की एकाच मंडळातील दोन गावांत पाऊस खरोखरच वेगळा पडला? या प्रश्नाचे उत्तर शिक्षकालाही ठाऊक नसते आणि तेच या उपक्रमाचे बलस्थान होय. मापनातील त्रुटी, सरासरी, नमुना या संकल्पना येथे पाठ्यपुस्तकाशिवाय अवतरतात. गणिताचीही सांगड घालता येते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ४० चौरस मीटरच्या वर्गखोलीच्या छतावर ६५ मिलिमीटर पाऊस झाल्यास २,६०० लिटर पाणी पडते. ते कोठे गेले, हे मुलांनी पावसात छत्री घेऊन पाहावे.

‘कोठे गेले’ या प्रश्नाचे उत्तर वाशिममध्ये विशेष रंजक आहे. हा जिल्हा जलविभाजकावर वसलेला आहे. काटेपूर्णेचे पाणी उत्तरेकडे पूर्णा व तापीमार्गे अरबी समुद्रात जाते. पैनगंगा, अडाण व अरुणावती यांचे पाणी अखेर गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरास मिळते. आपल्या शाळेच्या छतावरील पाणी कोणत्या समुद्राला जाते, याचा शोध नाल्यापासून नकाशापर्यंत घेणे सातवीच्या वर्गाला सहज शक्य आहे. जवळच्या दोन शाळांची उत्तरे भिन्न येऊ शकतात.

विहिरीच्या पाणीपातळीच्या नोंदीलाही हीच रीत लागू पडते. गाठी मारलेला दोर व त्याला बांधलेले वजन एवढे साहित्य पुरते. मात्र मापन कठडा असलेल्या विहिरीवर आणि प्रौढ व्यक्तीच्याच हातून व्हावे. विद्यार्थ्यांनी अंतरावरून नोंद घ्यावी. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि सुटीपूर्वी एप्रिलची अखेर अशा चार नोंदी पुरेशा होतात.

वन्यजीव : दोन बाजूंची नोंद

कारंजा तालुक्यातील कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य हे जिल्ह्यातील शालेय सहलींचे उपयुक्त स्थळ ठरू शकते. वनविभागाच्या परवानगीने तेथे सुतळीची एक मीटर लांबी-रुंदीची चौकट टाकून गवताचे प्रकार मोजणे, खुरांचे ठसे व लेंड्या यांची नोंद करणे, ही कामे प्राणी न दिसताही करता येतात. तथापि काळवीट पाहून ‘किती सुंदर’ असा निबंध लिहून घेणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. वर्गातील काही मुलांच्या घरचे लोक हरणे व रोह्यांपासून पीक राखण्यासाठी रात्री जागलीला जातात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार काळविटास सर्वोच्च संरक्षण आहे, हे सत्य. आणि कोवळे सोयाबीन एका रात्रीत खाल्ले जाते, हेही सत्य. जागलीच्या रात्री, नुकसान झालेले पीक व कुंपणाचा खर्च यांची माहिती मुलांनी घरून आणावी आणि ती गवताच्या नोंदीशेजारी एकाच तक्त्यात मांडावी. निष्कर्ष काढण्याची घाई शिक्षकाने करू नये.

महाविद्यालयांचा सहभाग

विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरासाठी तयार केलेल्या सहा महिन्यांच्या पर्यावरण अभ्यासक्रमात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्यासाठी होते. हे क्षेत्रकार्य बहुधा झेरॉक्सच्या दुकानात पूर्ण होत असे, हे अध्यापकांना वेगळे सांगावयास नको. पुढे अभ्यासक्रमाची रचना बदलली, तरी क्षेत्रकार्याची अपेक्षा कायम आहे. पदवीच्या दोन विद्यार्थ्यांनी एका शाळेच्या पर्जन्यनोंदी वर्षभर तपासून त्यांचा आलेख तयार केला, तर शाळेला साहाय्य होईल आणि महाविद्यालयाकडे जिल्ह्यातील गावनिहाय नोंदींचा संग्रह साचत जाईल.

येथे एक प्रशासकीय अडचण उरते. उपक्रमशील शिक्षकाची बदली झाली की त्याच्यासोबत नोंदवहीही नाहीशी होते. जडवस्तू संग्रह नोंदवहीत उतरविलेली प्रत्येक वस्तू, मग ती मोडकी खुर्ची का असेना, कार्यभार देताना मोजून सुपूर्द केली जाते. पाऊस व विहिरीच्या नोंदवहीलाही त्याच नोंदवहीत एक अनुक्रमांक द्यावा.