शेवटचे तीन मिलिमीटर

पाणी साचलेल्या धावपट्टीवरून विमान धावत असते. ब्रेक लावलेला नसतो, तरी चाकाचे फिरणे मंदावत जाते आणि कधी कधी पूर्ण थांबते. विमान मात्र त्याच वेगाने पुढे जात राहते. अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या लँगली केंद्रात नासाच्या वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी या प्रकाराचा अभ्यास केला आणि १९६३ साली त्यावर अहवाल प्रसिद्ध केला. टायर वेगात असला की त्याच्यापुढचे पाणी बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. ते टायरखाली पाचरीसारखे शिरते आणि त्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. हा दाब टायरमधल्या हवेच्या दाबाच्या जवळपास पोहोचला की टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो.

हॉर्न यांनी यातून एक सुटसुटीत सूत्र दिले. हवेचा दाब पीएसआयमध्ये घ्यायचा, त्याचे वर्गमूळ काढून नवाने गुणायचे, की तरंगण्याचा वेग नॉटमध्ये मिळतो. ३२ पीएसआयला तो ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो आणि २४ पीएसआयला ८२. पावसाळ्यात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते, असे ठामपणे सांगणारे लोक आपल्याकडे भेटतात. सूत्र नेमके उलटे सांगते. अर्थात ते विमानाच्या टायरांवरून बांधलेले आहे आणि पाणी नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त असेल तेव्हाच लागू पडते. नक्षीचा प्रश्न सुरू होतो तो याच अटीपासून.

ब्रिटनमध्ये डनलॉपच्या व्ही. ई. गॉफ यांनी ओल्या रस्त्यावर टेकलेल्या टायरच्या ठशाचे तीन भाग कल्पिले होते. पुढच्या भागात टायर पाण्यावर असतो. मधल्या भागात पाणी बरेचसे निघून गेलेले असते, पण पातळ थर उरतो. मागच्या भागातच रबर खऱ्या अर्थाने रस्त्याला भिडते. ब्रेक, वळण, सगळे या मागच्या तुकड्याच्या जिवावर चालते. वेग वाढला की पुढचा भाग मागे सरकतो आणि हा तुकडा आक्रसतो. नक्षी झिजली तरी तेच होते.

थोडा हिशेब मांडून पाहू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. ठसा १८० मिलिमीटर रुंद आणि रस्त्यावर दोन मिलिमीटर पाणी असेल, तर एका टायरच्या वाटेत दर सेकंदाला आठ लिटर पाणी येते. ठशाचा तीस टक्के भाग खाचांचा धरला, तर आठ मिलिमीटर खोलीच्या नव्या टायरच्या खाचांतून सेकंदाला साडेनऊ लिटरपर्यंत पाणी सामावते. खोली १.६ मिलिमीटरवर आली की दोन लिटरही मावत नाही. काही पाणी कडेने फेकले जाते हे खरे, पण त्यासाठी मिळणारा वेळ सेकंदाच्या हजारातल्या सहा भागांइतका असतो.

आणि खाचा फक्त खोलीनेच कमी होत नाहीत. अनेक टायरांत त्या तळाकडे निमुळत्या असतात. रबराच्या ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा, ज्या मधल्या भागातला पातळ थर फोडतात, त्या बऱ्याचदा तळापर्यंत नेलेल्याच नसतात. म्हणजे झीज होत असताना जाड पाणी आणि पातळ थर या दोन्हींविरुद्धची साधने एकाच वेळी हातची जातात. म्हणूनच झीज मिलिमीटरमागून मिलिमीटर सावकाश होत असली, तरी ओल्या रस्त्यावरची पकड शेवटच्या टप्प्यात झपाट्याने घसरते.

चालकाला मात्र हे कळत नाही, आणि मला यातली सगळ्यात घातक गोष्ट हीच वाटते. कोरड्या रस्त्यावर झिजलेला टायर बिघडत नाही, उलट सुधारतो. ठोकळे आखूड झाल्याने कमी लवतात, गाडी वळणावर घट्ट वाटते, इंधनही किंचित कमी लागते. ऑक्टोबरपासून मेपर्यंत गाडी चालवणाऱ्याला टायर उत्तम असल्याचाच अनुभव येतो. आणि जूनमध्ये घाटात पहिली मोठी सर येते.

आपल्या मोटार वाहन नियमांत मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोली लागते. युरोपातही हाच आकडा आहे. ब्रिटनने १९९२मध्ये एक मिलिमीटरवरून तो १.६ केला. खाचेच्या तळाशी असलेला आडवा उंचवटा नक्षीच्या पातळीला आला की ही मर्यादा गाठली गेली. पण अमेरिकेतल्या ‘ट्रिपल ए’ या मोटारचालक संस्थेने २०१८मध्ये केलेल्या चाचण्या पाहा. टायर ३.२ मिलिमीटरपर्यंतच झिजलेले होते, म्हणजे कायद्याने अगदी निर्धोक. ताशी ९६ किलोमीटर वेगातून ओल्या रस्त्यावर थांबायला त्यांना नव्या टायरपेक्षा सरासरी ४३ टक्के, म्हणजे सुमारे साडेसव्वीस मीटर, जास्त अंतर लागले.

भारतात ओल्या रस्त्यावरच्या पकडीची अट एआयएस-१४२ या मानकाने आली. नव्या घडणीच्या टायरांना ती ऑक्टोबर २०२२पासून लागू झाली. हे पाऊल मोलाचे आहे. मात्र चाचणी होते ती कोऱ्या टायरची, आणि पाण्याचा थर असतो साधारण एक मिलिमीटरचा. जड वाहनांनी डांबरात पाडलेल्या चाकोऱ्यांत याहून कितीतरी जास्त पाणी साचते. युरोपीय संघाने जुलै २०२४पासून मोटारींच्या नव्या घडणीच्या टायरांना झिजलेल्या अवस्थेतही ही परीक्षा देणे भाग पाडले. मिशेलिन कंपनीने ही मागणी बरीच वर्षे लावून धरली होती. त्यात तिचे व्यापारी हित होते, तरी युक्तिवाद खोटा ठरत नाही: सरसकट सगळे टायर तीन मिलिमीटरला फेकले, तर शेवटपर्यंत चांगले टिकणारे रबरही वाया जाते. आपल्या मानकातही ही परीक्षा यायला हवी. ती येईपर्यंत कोणता टायर म्हातारपणी कसा वागेल हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नाही. त्यामुळे कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्याने मे महिन्यातच खोली मोजून तीनच्या खालचे टायर बदलावेत, असे माझे मत आहे.

दोनच टायर घ्यायची ऐपत असेल, तर नवी जोडी मागे बसवावी. आपल्याकडे ती सवयीने पुढे बसवतात. पण पुढची चाके तरंगली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग उतरवला की बहुधा पुन्हा ताब्यात येते. मागची तरंगली तर गाडी जागच्या जागी गरकन फिरते, आणि ते सावरणे मुरलेल्या चालकालाही क्वचितच जमते.