आजीच्या काकांचा शोध

सुट्टीत आजी म्हणाली, "माझे काका इटलीच्या लढाईत गेले. पुढे काहीच कळलं नाही."

बंगळुरूला परतल्यावर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर त्यांचे नाव टाकले. सापडेना. मग तीन युक्त्या केल्या:

१. आडनाव गाळले, जुन्या नोंदींत नावांची स्पेलिंग वेगवेगळी असतात.
२. रेजिमेंट जुन्या स्पेलिंगने शोधली. तेव्हा इंग्रजीत 'महरट्टा' लिहीत.
३. 'अधिक माहिती'त गाव टाकले; तिथे बऱ्याचदा वडिलांचे नाव आणि गाव असते.

नोंद मिळाली: १९४४, कॅसिनो स्मारक. ज्यांच्या समाधीचा पत्ता नाही, त्यांची नावे तिथे कोरली आहेत. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले यशवंत घाडगेही त्यांतच आहेत.

फोनवर आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तारीख सांग, बाळा. तिथी बघून पान वाढते."