पन्हळी कमान आणि काँक्रीटचे कवच

पूल म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हावड्याचा पूल उभा राहतो, वरळीचा सागरी सेतू उभा राहतो. मोरी म्हटली की काहीच उभे राहत नाही. रस्त्याखालून ओढ्याचे पाणी पलीकडे नेणारी ती एक बुटकी बांधणी. सहा मीटर लांबीपर्यंतची असेल तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या परिभाषेत ती मोरी, त्याहून मोठी झाली की पूल. मोरीला कोनशिला नसते, नाव नसते, आणि तिच्या उद्घाटनाला कोणी येत नाही. परंतु ती खचली, की गावाला जगाशी जोडणारा दुवा तुटतो. अशाच एका विशिष्ट मोरीविषयी, पन्हळी पत्र्याच्या कमानीविषयी, आणि जड वाहनांसाठी तिला काँक्रीटचे बळ कसे द्यावे याविषयी मला आज काही सांगावयाचे आहे.

प्रथमच कबूल करतो, की मी अभियंता नव्हे. एम. ए. होऊन सरकारी सेवेत शिरलेला आणि फाइलींवर सह्या करीत चाळिशी ओलांडलेला मी एक अधिकारी. सध्या माझा मुक्काम कलकत्त्याच्या ईशान्येस वसलेल्या न्यू टाउनमध्ये आहे. सुमारे पाव शतकापूर्वीपर्यंत येथे राजारहाटची भातशेते आणि मासळीची तळी होती. आज तेथे रुंद रस्ते आणि उंच इमारती आहेत. सकाळी बागजोला खालाच्या बाजूने फिरावयास निघालो, की काँक्रीट कालविणारे फिरत्या पोटाचे ट्रक एकामागून एक जाताना दिसतात. अशा एका ट्रकात सहा घनमीटर काँक्रीट असले, तर त्याचेच वजन साडेचौदा टनांच्या आसपास भरते. ट्रकचे स्वतःचे वजन निराळे. पायांखालची जमीन मात्र गंगेच्या त्रिभुजप्रदेशातील मऊ गाळाची. हे दृश्य पाहिले, की मला एक जुनी मोरी आठवते. तिची हकीकत पुढे सांगतोच. ती कळावी म्हणून आधी पत्र्याचे मर्म पाहू.

एक साधे पोस्टकार्ड घ्या. दोन पेल्यांवर आडवे ठेवून त्यावर एखादे नाणे ठेवलेत तर ते वाकेल. तेच कार्ड पंख्यासारखे चुण्या घालून ठेवलेत, तर ते कितीतरी अधिक भार तोलून धरील. कागद तोच, बदलली ती आकृती. हीच युक्ती लोखंडी पत्र्याला लावण्याचे पेटंट लंडनच्या गोदीवरील अभियंते हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ साली घेतले. त्या पत्र्याने पुढे जगभरची घरे शाकारली. कोकणात आणि घाटावरही तो आला. १८९६ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यात त्याच पत्र्याची नळी करून ती रस्त्याखाली पुरण्याची कल्पना निघाली. पत्रे एकात एक ठेवून वाहून नेता येतात आणि नटबोल्टांनी जागेवर जोडता येतात. त्यामुळे जेथे दगड, चुना आणि गवंडी यांची वानवा, तेथे ही मोरी फार सोयीची ठरली.

परंतु इतका पातळ पत्रा रस्त्याचा भार सोसतो कसा? तीन मीटर रुंदीची एक कमान घेऊ. मातीचा आणि वाहनाचा मिळून दर चौरस मीटरला सहा टनांचा दाब तिच्यावर सर्वत्र सारखा आला असे समजू. तो भार दोन पायांत वाटला जाऊन कमानीच्या अंगातून दर मीटर लांबीला नऊ टनांचा रेटा उतरतो. पत्रा तीन मिलिमीटर जाड असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३०० किलो ताण येतो. साध्या पोलादाची शक्ती सुमारे २,३०० किलोंची. म्हणजे निव्वळ दाबाला पत्रा मुळीच कमी पडत नाही. तो कमी पडतो तो वाकण्याला. माथ्यावर भार आला की माथा खाली दबतो आणि दोन्ही बगला बाहेर फुगू पाहतात. त्यांना फुगू न देणारी वस्तू एकच, आणि ती म्हणजे बगलेतली दाबून बसविलेली माती. आयोवा येथील कॉलेजात मार्स्टन यांनी पुरलेल्या नळांवरील भाराचा सिद्धान्त १९१३ साली मांडला, आणि तेथीलच स्पँगलर यांनी लवचीक नळ किती दबेल याचे सूत्र १९४१ साली दिले. त्या सूत्राचे सार हेच, की लवचीक नळीचे आयुष्य तिच्या शेजारच्या मातीच्या हाती असते. पत्रा आणि माती मिळून ही मोरी होते. नुसत्या पत्र्याची ती कधीच नव्हे.

यासाठीच बगलेतला भराव पंधरा-वीस सेंटिमीटरांच्या थरांनी, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीने चढवून, धुम्मसाने ठोकून बसवावा लागतो. माथ्यावरही मातीची पुरेशी गादी लागते. साधारण वाहतुकीसाठी ती रुंदीच्या एकअष्टमांशाहून कमी नसावी असा संकेत आहे. या गादीचे महत्त्व एका ढोबळ हिशेबाने कळेल. आपल्याकडे चार टायरांच्या एका आसावर कायद्याने पूर्वी १०.२ टन भार चालत असे. २०१८ साली तो ११.५ टन करण्यात आला. म्हणजे एका बाजूच्या जोडचाकांवर पावणेसहा टन आले. चाळीस सेंटिमीटर मातीखाली या चाकांचा दाब दर चौरस मीटरला सुमारे आठ टन राहतो. एक मीटर मातीखाली तोच पसरून अडीच टनांवर येतो. माती भार खात नाही, ती भार वाटून देते. कायद्याने आसावरचा भार एका दिवसात वाढविता येतो. तीस वर्षांपूर्वी पुरलेली मोरी मात्र त्या दिवशी बदलत नाही.

आता ती हकीकत. काही वर्षांपूर्वी मी पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्यात होतो. उसाच्या पट्ट्यातील एका गावाच्या रस्त्यावर अशीच एक पत्र्याची कमान होती. बैलगाड्यांच्या काळात ती सुखाने नांदली. पुढे दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आले, मग दहा चाकांचे ट्रक आले, आणि माथ्यावरचा रस्ता किंचित बसू लागला. गावकऱ्यांनी अर्ज केला. मोरीवर जाड काँक्रीटचा स्लॅब टाकण्याचे अंदाजपत्रक माझ्यापुढे आले. काँक्रीट म्हणजे बळकटी, अशी माझी सामान्य माणसाची समजूत. मी एक प्रश्नही न विचारता प्रशासकीय मंजुरी दिली.

रस्त्याची पातळी उंचावू नये म्हणून कामाच्या वेळी माथ्यावरची माती खरवडून काढली गेली, आणि स्लॅब जवळजवळ पत्र्याच्या पाठीवरच ओतला गेला. बगलेतली माती उकरली गेली होती. ती पुन्हा ठोकली गेली नाही. पहिल्याच पावसाळ्यात ती बसली. स्लॅबची दोन्ही टोके अधांतरी झाली आणि सारा स्लॅब तराजूच्या दांडीसारखा कमानीच्या माथ्यावर तोलला गेला. जो भार मातीने पसरून द्यावयाचा, तो एका रेषेत पत्र्यावर उतरू लागला. माथा चेपला, बगला सैल मातीत फुगल्या, आणि एका पहाटे रस्ता खचला. जीवितहानी झाली नाही, हे आमचे दैव. परंतु अकरा दिवस त्या गावचे दूध डेअरीत पोहोचले नाही, आणि अडलेल्या एका बाईला खाटेवर घालून ओढ्यातून पलीकडे न्यावे लागले. ज्या स्लॅबने मोरी वाचावयाची, त्यानेच ती मोडली. आणि त्या कागदावर सही माझी होती.

त्यानंतर मी जाणत्या अभियंत्यांना विचारून जे शिकलो, ते असे. काँक्रीटचे बळ तीन ठिकाणी देता येते: माथ्यावर, बगलेत आणि पोटात.

माथ्यावरचा स्लॅब कमानीवर टेकावयाचा नसतो. तो तिच्यावरून पलीकडे जावयाचा असतो. तो कमानीहून दोन्ही बाजूंना बराच रुंद हवा, त्यात सळयांची जाळी हवी, आणि स्लॅब व पत्रा यांच्यामध्ये मातीची गादी राखलेली हवी. मग चाकांचा भार बाजूच्या घट्ट जमिनीवर जातो. ती जमीनच मऊ असेल, तर टोके बसतात आणि आमच्या मोरीची कथा पुन्हा घडते. न्यू टाउनसारख्या गाळाच्या भूमीत म्हणूनच आधी जमिनीची परीक्षा, मग स्लॅब.

बगलेतले काँक्रीट हा दुसरा मार्ग. सैल माती काढून तेथे कमी सिमेंटचे काँक्रीट भरले, की बगला फुगण्यास वावच राहत नाही. मोठ्या कमानींच्या दोन्ही खांद्यांवर लांबीभर काँक्रीटच्या तुळया घालण्याची पद्धतही आहे. येथे धोका असतो तो ओतकामाच्या वेळी. ओले काँक्रीट हे पाण्याच्या जवळजवळ अडीचपट जड असे द्रव असते. ते एका बाजूने भरले तर कमान दुसरीकडे ढकलली जाते. एकदम भरले तर रिकामी कमान होडीसारखी वर उचलली जाऊ पाहते. म्हणून आतून टेकू द्यावे, आणि दोन्ही बाजूंनी थोडे थोडे, सारखे भरावे.

तिसरा मार्ग पोटातला. तळाचा पत्रा पाण्याने आणि गोट्यांनी झिजलेला असेल, तर तेथे काँक्रीटची फरशी करतात. सारी कमान क्षीण झाली असेल, तर पत्र्याला सळया जखडून आतून काँक्रीटचा फवारा मारतात. हे फवाऱ्याचे यंत्र कार्ल एकली या गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शोधले. मेलेल्या प्राण्यांचे हुबेहूब नमुने संग्रहालयासाठी घडविणे हा त्यांचा मूळ व्यवसाय! अस्तराने मोरीचे तोंड थोडे लहान होते, परंतु पन्हळीच्या वळ्यांपेक्षा गुळगुळीत काँक्रीटवरून पाणी पुष्कळ वेगाने जाते. त्यामुळे बहुधा वाहतुकीला उणेपणा येत नाही. मात्र तोच वेग खालच्या तोंडाशी जमीन उकरतो, आणि तेथे दगडांची पिचिंग करावी लागते.

या तिसऱ्या मार्गात एक सूक्ष्म गोष्ट दडलेली आहे. जाड अस्तर केले की कमान लवचीक राहत नाही. ती ताठ होते. लवचीक कमान किंचित नमते आणि आपला काही भार शेजारच्या मातीला देते. ताठ कमान नमत नाही. शेजारची माती खचली, तर खचताना ती उलट आपलाच भार तिच्यावर टाकते. म्हणून असे अस्तर साऱ्या भाराचा हिशेब करून, पायासकट, एक नवी कमान समजूनच बांधावे लागते. अर्धवट जाडीचा थर अंगी ताठरपणा आणतो, बळ आणीत नाही.

कलकत्त्यातील माझेरहाटचा पूल ४ सप्टेंबर २०१८ रोजी कोसळला, तेव्हा त्यावर वर्षानुवर्षे चढत गेलेल्या थरांचे वजन हेही एक कारण म्हणून चर्चेत आले होते. तो पूल निराळ्या जातीचा. पण धडा तोच. दुरुस्तीच्या नावाने घातलेली प्रत्येक वस्तू प्रथम भार असते. ती आधार ठरते ती योग्य जागी बसली तरच.

अशा मोरीची फाइल आता माझ्यापुढे आली, की मी सहीपूर्वी चार गोष्टी विचारतो. कमानीचा आकार आतून मोजला आहे काय? बगलेतली माती तपासली आहे काय? माथ्यावर गादी किती उरणार? आणि नवा भार शेवटी कोणत्या जमिनीवर उतरणार? हे प्रश्न विचारण्यास अभियंता असावे लागत नाही. ते मी तेव्हा विचारले असते, तर ती बाई रस्त्याने इस्पितळात गेली असती.